न केलेल्या कर्माचा गंज

म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद पडला. त्यामुळे आज वाड्याच्या जिन्याखाली, गोठ्याच्या कडेला किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्या कारखान्याची जी कुठली जुनी जावा नाहीतर येझदी उभी असेल, तिचं वय तिशीच्या घरात असणारच. काही तर साठीला टेकलेल्या. यातल्या बऱ्याच गाड्या 'एवढा पावसाळा जाऊ दे' म्हणून बाजूला लावल्या गेल्या आणि तिथेच राहिल्या. मग कधीतरी नातू नाहीतर एखादा हौशी गिऱ्हाईक येतो, टाकीवरची धूळ हाताने पुसतो, खालचा मरून रंग आणि क्रोम पाहून हरखतो आणि व्यवहार ठरायच्या आधीच किक मारून बघतो. जावाचा गिअरचा आणि किकचा दांडा एकच; आत दाबून मागे फिरवला की गिअरची किक होते. तो पायाने दाबतो. काही होत नाही. मग सगळं वजन टाकून दांड्यावर उभा राहतो. गाडी स्टँडवर डुलते, दांडा जागचा हलत नाही.

मिस्त्रीच्या भाषेत इंजिन सीझ झालंय, पिस्टन पकडलाय. इथून पुढे जे सुरू होतं ते फिटरकामच, पण भारतीय दर्शनांनी शेकडो वर्षं घोळवलेला एक प्रश्न त्यात फार उघडावाघडा समोर येतो. जे आपण केलंच नाही, त्याचं फळ आपण का भोगायचं?

इंजिन दोन तऱ्हांनी सीझ होतं. पहिली तऱ्हा चालत्या गाडीतली. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनचं वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. आणि तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. तेल कमी पडलं की फुगलेला पिस्टन सिलिंडरला धरतो आणि मागचं चाक जागच्या जागी अडकतं. यात तत्त्वज्ञानाला फारसा वाव नाही. पंपावर तेल घालायला विसरलात, पुढच्या घाटात फळ मिळालं. कर्ता तोच, भोक्ता तोच, आणि मधलं अंतर दहा-वीस किलोमीटर.

दुसरी तऱ्हा उभ्या गाडीची, आणि खरा घोळ तिथे आहे. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात शतांश मिलिमीटरच्या हिशेबाची फट असते. पिस्टनच्या खाचांत बसवलेल्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला सतत टेकलेल्या, त्याही बिडाच्या. दमट हवा आत आली की दोन्हीकडून गंज धरतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. जागा तर नाहीच. मग तो तिथेच घट्ट होत जातो. ही हवा येते कुठून? टू-स्ट्रोकला वर झडपा नसतात, सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात आणि पिस्टन वर-खाली होताना त्या उघडतो, झाकतो. गाडी बंद करताना पिस्टन खाली थांबला असेल तर धूर जायची खिडकी उघडी राहते आणि सायलेन्सरमधून थेट आत वाट होते. जावा २५० ला एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. म्हणजे पावसाळी हवेला दोन वाटा.

म्हणजे बघा, कोण्या एका संध्याकाळी कोणीतरी चावी फिरवली आणि पिस्टन थांबायचा तिथे थांबला. तो चार-पाच सेंटिमीटर वर थांबला असता तर निम्मी कथा टळली असती. चावी फिरवणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, आणि आज पाना हातात घेऊन बसलेला तर त्या दिवशी जन्मालाही आलेला नसेल.

कर्मवाद्यांना दोन दोष टाळायचे असतात. शास्त्रात त्यांची नावं कृतनाश आणि अकृताभ्यागम: केलेलं वाया जाणं, आणि न केलेलं अंगावर येणं. जगात न्याय आहे असं म्हणायचं तर दोन्ही होता कामा नयेत. एक मूल सुखात जन्मतं, दुसरं हालात. त्यांनी तर अजून काहीच केलेलं नाही. हा अकृताभ्यागम मानायचा नसेल तर आधीचा जन्म मानावा लागतो, आणि तसा तो मानला गेला. युक्तिवाद म्हणून तो चोख आहे. खातं जुळतं, फक्त जमेच्या आणि खर्चाच्या नोंदी वेगवेगळ्या जन्मांच्या वह्यांत असतात.

जाम इंजिनापाशी मात्र ही सोय नाही. गाडी ज्याने पावसात ठेवली तो माणूस वेगळा, गंज सोडवायला पैसे मोजणारा वेगळा. पूर्वजन्मीचा मालक म्हणावा तर तो कधीकधी वरच्या मजल्यावर टीव्ही बघत असतो. इथे अकृताभ्यागम सरळसरळ घडलेला आहे, आणि एकदा तो इंजिनात दिसला की इतरत्रही दिसू लागतो. आजोबांचं कर्ज, गावाने बुजवलेला ओढा, आधीच्या पिढीने उपसलेल्या विहिरी. वैयक्तिक कर्माच्या हिशेबात न बसणारं किती तरी माणसाच्या वाट्याला असंच, उभ्या गाडीसारखं, येतं.

मिस्त्री या अन्यायाचं काय करतो, हे पाहण्यासारखं असतं. तो आधी चौकशी करतो. गाडी किती वर्षं उभी होती? साइड स्टँडवर की मेन स्टँडवर? प्लग लावलेला होता का? लावताना चालू होती, का बंद पडली म्हणून लावली? मालकाला वाटतं, हा दोष कोणाचा ते विचारतोय, आणि तो उसळून सांगू लागतो, "काका, आमच्या चुलत्यांनी हिची पार वाट लावली." मिस्त्रीला चुलत्यांत रस नसतो. गाडी डाव्या अंगाला कलंडून उभी असेल तर पाणी कुठे साचलं असेल, एवढंच त्याला हवं असतं. चालू अवस्थेत लावलेली गाडी म्हणजे नुसता गंज. बंद पडली म्हणून लावलेली असेल तर आत आणखी काही मोडलेलं असू शकतं. कारण शोधणं आणि गुन्हेगार शोधणं ही दोन निराळी कामं आहेत, आणि कर्मसिद्धान्ताच्या लोकप्रिय रूपाने त्यांची जी गल्लत केली ती गॅरेजमध्ये तरी चालत नाही. 'गेल्या जन्मी काहीतरी पाप केलं असणार' या वाक्यात कारणही नसतं आणि उपायही नसतो.

या बाबतीत जैन विचार मिस्त्रीला सगळ्यात जवळचा वाटावा. कोल्हापूर-सांगलीकडे जैन वस्ती मोठी, तेव्हा तिकडच्या वाचकाला यात नवल वाटायचं नाही. इतर दर्शनांत कर्म म्हणजे अदृश्य संस्कार किंवा शक्ती. जैनांकडे ते चक्क द्रव्य आहे, सूक्ष्म पुद्गल, जे जिवाला येऊन चिकटतं. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात त्याची क्रमवारी दिली आहे: आत येणं तो आस्रव, चिकटून बसणं तो बंध, येणारं थोपवणं तो संवर आणि चिकटलेलं झडवणं ती निर्जरा. यातला क्रम महत्त्वाचा. आधी वाट बंद, मग झाडणं. गॅरेजमध्येही पहिलं काम गाडी कोरड्यात आणणं, सायलेन्सर उतरवून आतलं पाणी ओतून टाकणं. निर्जराही दोन प्रकारची: कर्म आपल्या वेळेने पिकून गळतं ती एक, आणि तपाने वेळेआधी झडवलं जातं ती दुसरी. गंमत एवढीच की कर्म चिकटतं कसं, हे सांगताना जैन परंपरा तेल लावलेल्या अंगाला धूळ बसते असा दाखला देते. इंजिनात तेलाचं काम नेमकं उलटं.

आता जोर लावण्याचा प्रश्न. योगवासिष्ठाच्या मुमुक्षुप्रकरणात वसिष्ठ रामाला सांगतात, की दैव म्हणून ज्याला लोक भितात ते दुसरं काही नाही, आधी केलेला पुरुषार्थच आहे. आधीचा प्रयत्न आणि आताचा प्रयत्न दोन मेंढ्यांसारखे टक्कर घेतात. ज्यात जोर जास्त तो जिंकतो. दैव बाहेरून येत नाही, ते जुनं करणंच असतं, हा अर्धा भाग जाम इंजिनाला तंतोतंत लागू पडतो. पण मेंढ्यांच्या टकरीचा दाखला शब्दशः घेतला तर नुकसान ठरलेलं. "मारू नकोस किक, आतनं तुटंल," असं मिस्त्री ओरडेपर्यंत तरुण मालकाने दोन-चार उड्या मारलेल्या असतात. किकचा शाफ्ट आणि त्याचे दाते हे काही सगळा गंज फोडायला केलेले नाहीत. काही जण हेड उघडून पिस्टनवर थेट हातोडा घालतात. जावाचा क्रँक तुकडे प्रेस करून जोडलेला असतो. वरून घातलेला घाव पिस्टनमधून कनेक्टिंग रॉडमध्ये आणि तिथून क्रँकमध्ये उतरतो, आणि तो रेषेतून गेला की इंजिन पुढे सुटूनही थरथरतच चालतं. जुन्या मेंढ्याशी टक्कर जिंकली, पण आपलंच शिंग मोडलं.

जोर लावायचा एक शहाणा प्रकार आहे, तो बुलेटवाले सांगतात. बुलेट फोर-स्ट्रोक, तिच्या दोन्ही झडपा बंद असतील तर प्लगच्या भोकातून ग्रीसगनने सिलिंडर ग्रीसने भरायचा आणि दाबत राहायचं. जुन्या ३५० बुलेटचा बोअर ७० मिलिमीटर, म्हणजे पिस्टनचं तोंड साडेअडतीस चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोचा दाब धरला तर पिस्टनवर पावणेचार टनांच्या वर भार येतो, आणि तोही सगळीकडे सारखा, घाव न घालता. (नंतर ते ग्रीस काढताना जीव नकोसा होतो, ते वेगळं.) टू-स्ट्रोकमध्ये मात्र पिस्टन खिडकीच्या वर अडकला असेल तरच हे जमतं, खाली असेल तर ग्रीस सायलेन्सरच्या वाटेने बाहेर. पुरुषार्थाचं कुठलं हत्यार चालणार हेसुद्धा त्या जुन्या संध्याकाळीच ठरून गेलेलं असतं.

बाकी बहुतेक वेळा करायचं काम एकच, तेल ओतून थांबायचं. हेड काढायचं, दिसणाऱ्या भिंतीवरचा गंज बारीक कागदाने साफ करायचा आणि पिस्टनच्या डोक्यावर पातळ तेलाचं तळं करायचं. कोणी डिझेल घालतं, कोणी रॉकेल, कोणी पॉवर स्टीअरिंगचं तांबडं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं. (हे शेवटचं मिश्रण घालून कोणी गॅसची ज्योत जवळ आणू नये; ॲसिटोन भडकतं.) प्रत्येक मिस्त्रीचा आपल्या मिश्रणावर संप्रदायाइतका विश्वास असतो. भौतिकशास्त्र मात्र सगळ्या संप्रदायांना एकच नियम लावतं. बारीक फटीत द्रव किती आत शिरतो याचं गणित लुकास यांनी १९१८ साली आणि वॉशबर्न यांनी १९२१ साली मांडलं: आत गेलेलं अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. सोप्या भाषेत, दुप्पट आत जायला चौपट वेळ. पहिल्या रात्रीत तेलाची पातळी उतरलेली दिसते आणि मालक खूष होतो. मग दिवसेंदिवस काही हललेलं दिसत नाही. सगळ्यात कठीण काळ हाच, कारण काम चालू असतं आणि त्याचा पुरावा नसतो.

संयुत्तनिकायात बुद्धांनी भिक्खूंना दिलेला एक दृष्टान्त नेमका याच काळाचा आहे. सुताराच्या वाकसाच्या दांड्यावर बोटांच्या खुणा उमटतात. आज किती झिजला, काल किती झिजला, हे त्याला सांगता येत नाही. झिजला एवढं मात्र कळतं. त्याच सुत्तात पुढे समुद्रावरून आणून काठाला ओढून ठेवलेल्या जहाजाचा दाखला येतो. ऊन-वाऱ्याने त्याच्या दोऱ्या जीर्ण होतात आणि पाऊस लागला की कुजून सुटतात. साधकाचे बंध असे सुटतात, हा तिथला मुद्दा. उभ्या गाडीवरचा पाऊस बंध घालतो आणि उभ्या जहाजावरचा बंध सोडवतो, म्हणजे पाऊस कोणाच्याच बाजूचा नाही. पण हिशेब दोन्हीकडे सारखा: थोडं, रोज, न दिसणारं.

थांबणं म्हणजे काही न करणं नव्हे. रोज तेल पाहायचं, उतरलं असेल तर भर घालायची. पिस्टनच्या तोंडाएवढा लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकायचं. घाव घालायला नव्हे, हादऱ्याने गंजाच्या फटी उघडाव्यात म्हणून. बाहेरून हीटगनने सिलिंडर गरम करायचा, निवताना तो तेल आत ओढतो. मग गाडी टॉप गिअरला टाकून मागचं चाक पुढे-मागे, पुढे-मागे. याला निष्काम कर्म म्हणावं का? म्हणायला हरकत नाही, पण जपून. फळाची इच्छा मिस्त्रीलाही असते, गिऱ्हाईक दारात उभं असतं. फळ आजच मिळावं एवढाच हट्ट त्याने सोडलेला असतो.

मोटारसायकल आणि तत्त्वज्ञान म्हटलं की रॉबर्ट पिर्सिगला टाळता येत नाही. 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स' हे त्याचं पुस्तक १९७४ सालचं. हा माणूस तरुणपणी बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला आला होता. जग माया आहे असं प्राध्यापक सांगत असता त्याने विचारलं, की हिरोशिमा-नागासाकीवरचे बॉम्बही मायाच का? प्राध्यापकांनी हसून होकार दिला, आणि हा शिक्षण तिथेच सोडून अमेरिकेला परतला. हा प्रसंग त्या पुस्तकात आहे. त्याच्या गाडीचं इंजिन वारंवार सीझ व्हायचं, तोही किस्सा त्यात आहे. दुकानातल्या मेकॅनिकांनी रेडिओ लावून, गप्पा मारत, इंजिनाची दुर्दशा केली. खरं कारण निघालं पंचवीस सेंटची एक तुटलेली पिन, जिच्यामुळे जोरात चालवताना वरपर्यंत तेल पोचत नव्हतं. त्या मेकॅनिकांकडे कौशल्य कमी होतं असं पिर्सिग म्हणत नाही. त्यांचं लक्ष नव्हतं, ते तिथे प्रेक्षकासारखे वावरत होते, ही त्याची तक्रार. इथे तो बनारसच्या वर्गाशी पुन्हा एकदा भांडताना दिसतो. समोरचं खरं मानलं नाही तर लक्ष तरी कशाला देणार?

आणि मग कधीतरी चाक ढकलताना पिस्टनवरचं तेल हलतं. एखादा मिलिमीटर, तेवढाच. अननुभवी माणूस इथे आनंदाने पूर्ण फेरा मारायला जातो आणि रिंग खिडकीच्या कडेला अडकवून मोडतो. जाणता मिलिमीटरभर पुढे, मिलिमीटरभर मागे करत राहतो आणि मध्ये मध्ये सुटलेली लाल भुकटी पुसून काढतो.

सोडवला कोणी? गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या खटपटी आणि पाचवं दैव. आणि लगेच पुढे बजावलं आहे, की असं असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला काही दिसत नाही. गॅरेजमध्ये हे प्रवचनासारखं वाटत नाही, कामाच्या यादीसारखं वाटतं. सिलिंडरचं बीड कसं आहे, हात कोणाचा, तेल कोणतं, ठोकणं-तापवणं किती, आणि पिस्टन कुठे थांबला होता. यातलं दैव पाचवं आहे, पहिलं नाही. आणि ते यादीत आहे, यादीच्या वर नाही. दैववादी आणि प्रयत्नवादी दोघेही या श्लोकाचा अर्धाच भाग वाचतात, असं कधीकधी वाटतं.

पिस्टन सुटला म्हणजे इंजिन सुटलं असं मात्र नव्हे. वरून ओतलेलं तेल खालच्या क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पुरतं पोचलेलं नसतं, आणि टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्येही तीच दमट हवा शिरलेली असते. सिलिंडर उतरवला की भिंतीवर गंजाने खाल्लेले खड्डे दिसतात. हे खड्डे कुठल्याही तेलाने भरून येत नाहीत. टिळकांनी मंडालेला लिहिलेल्या आणि १९१५ साली छापलेल्या 'गीतारहस्या'त कर्मविपाकावर एक अख्खं प्रकरण आहे. ज्याचं फळ सुरू झालं ते प्रारब्ध आणि ज्याचं अजून सुरू झालं नाही ते अनारब्ध, ही वेदान्तसूत्रांतली विभागणी त्यांनी तिथे उचलून धरली आहे. अनारब्ध ज्ञानाने जळतं. प्रारब्ध मात्र ज्ञान्यालाही भोगूनच संपवावं लागतं. खड्डे हे प्रारब्ध. ते संपवायचे तर बोअरिंगवाल्याकडे जाऊन सिलिंडर मोठा करून घ्यायचा, ०.२५, ०.५० मिलिमीटर अशा पायऱ्यांनी, आणि त्या मापाचा पिस्टन घालायचा. प्रत्येक बोअरला भिंत पातळ होते. पायऱ्या संपल्या की स्लीव्ह. आणि कधीकधी पिस्टन महिनोन् महिने तेलात ठेवूनही सुटतच नाही. तेव्हा सिलिंडर वाचवायला पिस्टन ड्रिलने फोडून काढतात. हा निर्णय लवकर घेणारा मिस्त्री अधीर म्हणायचा की शहाणा, हे सिलिंडर रिकामा झाल्यावरच कळतं.

अकृताभ्यागमाचा प्रश्न यातून सुटला का? आधीच्या मालकाचा हिशेब कोणीच चुकता केला नाही. खर्च नव्या मालकाने सोसला. पण ज्यांच्या गाड्या अशा सुटल्या आहेत त्यांच्यात एक सवय दिसते. यातले काही जण नोकरीसाठी दुबईला, पुण्याहून कॅलिफोर्नियाला जातात आणि गाडी पुन्हा उभी राहणार असते. जाण्याआधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करतात. प्लग काढून चमचाभर टू-टी तेल आत सोडतात, चाक हळू फिरवून ते भिंतीला लावतात आणि पिस्टन वर आणून ठेवतात, म्हणजे सायलेन्सरकडची खिडकी झाकलेली राहते. प्लग परत घट्ट बसवतात. दोन्ही सायलेन्सरच्या तोंडात तेलकट चिंध्यांचे बोळे कोंबतात, आणि बोळे काढल्याशिवाय किक मारू नये असं लिहून कागद टाकीला चिकटवतात. कारण तो वाचणारा दुसराच कोणी असायची शक्यता जास्त.